दाबून धर

काचेच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. फुटलेल्या आरशाचे तुकडे सगळीकडे पसरले होते आणि त्यांच्या मधोमध काचवाला भिंतीला टेकून बसला होता. डावा हात अंगाशी घट्ट धरलेला, शर्ट कमरेपर्यंत लाल. त्याची बायको टॉवेलावर टॉवेल लावत होती. लावलेला प्रत्येक टॉवेल भिजत होता.

रुग्णवाहिकेवरच्या ताईने तुकडे बुटाने बाजूला सारले, गुडघे टेकले, कात्रीने शर्ट उभा कापला. हात जरासा उचलला तशी काखेतून रक्ताची चिळकांडी उडाली.

"इथे पट्टा आवळता येणार नाही," मागून विद्यार्थिनी म्हणाली. "काख आहे. आत कापड ठासून दाबावंच लागेल."

ताईने वळून पाहिलं. डॉक्टरीच्या दुसऱ्या वर्षाची ही पोरगी. कॉलेजने यंदा पहिल्यांदाच मुलांना रुग्णवाहिकेवर शिकायला पाठवलं होतं. फक्त बघायचं, सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, असं ताईनेच तिला सकाळी बजावलं होतं.

"हातमोजे घातलेस?"

"घातलेत."

"मग ये."

ताईने गॉजची पट्टी बोटाने जखमेत ठासली, आणखी ठासली आणि विद्यार्थिनीचा हात धरून त्यावर ठेवला. "दाबून धर. मी काढ म्हणेपर्यंत काढायचा नाही. मला सलाईन लावायचंय, हॉस्पिटलला फोन करायचाय. हे काम आता तुझं."

तिने अंगाचा सगळा भार मनगटावर टाकला. बोटांखाली काहीतरी ठकठक उडत होतं. ती हाताची जागा केसभर सरकवत राहिली आणि एका जागी ते उडणं थांबलं. चिळकांडीही थांबली.

"सापडली," ती म्हणाली.

"मग सोडू नकोस."

तिचा हात न हलवता काचवाल्याला स्ट्रेचरवर घेणं म्हणजे कसरतच होती. ड्रायव्हरमामांनी पायाकडून उचललं, ताईने डोक्याकडून आणि ती कडेने तिरपी चालत गाडीत चढली. बायको समोरच्या बाकावर बसली, पण तिची नजर काही त्या पोरीवरून हलेना.

"अहो ताई, या पोरीला काय बसवलंय? मोठं कुणी नाही का?"

"मोठी मी आहे," ताई सुई टोचता टोचता म्हणाली. "पण तिने हात काढला तर मला माझा ठेवायला वेळ मिळायचा नाही."

गाडी सुटली. काचवाल्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता. विद्यार्थिनीने त्याला नाव विचारलं, त्याने सांगितलं. वय विचारलं, तो नुसता हुं म्हणाला. पुढच्या प्रश्नाला पापण्या मिटल्या.

"बघा, कसे झोपताहेत," बायको रडत म्हणाली. "मी बोलले की मात्र लगेच उलटून बोलतात."

विद्यार्थिनीने मान वर केली. "मग काकू, भांडा त्यांच्याशी."

"काय?"

"भांडा. जोरात. ते बोलत राहिले की शुद्धीवर आहेत हे कळेल आम्हाला."

बायकोने पदराने नाक पुसलं. आवाज आधी फुटेचना. मग फुटला. "शंभरदा सांगितलं होतं, मोठा आरसा एकट्याने उचलू नका म्हणून! ऐकलंत कधी माझं?"

डोळे किलकिले झाले. "तूच... म्हणालीस... लवकर आटपा."

"मी म्हणाले? मी म्हणाले जेवायला या!"

"तेच... ते."

मामांना पुढून हसू आवरेना, पण गाडीचा वेग त्यांनी कमी केला नाही. विद्यार्थिनीच्या दंडाला कळा लागल्या होत्या. तिने कोपर आपल्या बरगडीत रुतवलं आणि तसंच धरून ठेवलं. समोर भांडण रंगात आलं होतं.

हॉस्पिटलच्या दारात सगळे तयारच होते. शस्त्रक्रियेच्या खोलीशी मात्र एका नर्सने तिला अडवलं. "विद्यार्थ्यांना आत प्रवेश नाही."

"हिचा हात सुटला तर माणूस हातचा जाईल," ताई म्हणाली.

आतून सर्जनबाईंचा आवाज आला. "येऊ द्या तिला. गाउन घाला आणि हातासकट आणा."

तिच्या अंगावर गाउन चढवला गेला, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. जंतुनाशक औषध तिच्या हातमोज्यावरूनच जखमेच्या भोवती ओतलं. बाई तिच्या बोटांच्या कडेने काम करत होत्या.

"कितवं वर्ष?" बाईंनी विचारलं.

"दुसरं, मॅडम."

"म्हणजे या टेबलाशी यायला तुला अजून बराच वेळ होता." चिमटा लागल्याचा कट्ट आवाज आला. "आता काढ. सावकाश."

तिने हात उचलला. रक्त आलं नाही.

"आलीच आहेस तर नीट बघ," बाई म्हणाल्या आणि चिमट्याच्या टोकाने दाखवलं. "ही ती रक्तवाहिनी. इतका वेळ तू हीच धरून होतीस."

ती बाहेर आली तेव्हा काचवाल्याची बायको ताडकन उठून उभी राहिली.

"रक्त थांबलंय, काकू. आता शिवताहेत."

बायको तशीच खाली बसली आणि तिलाही शेजारी बसवून घेतलं. कुणीतरी दोघींना चहा आणून दिला. विद्यार्थिनीने कप उचलायला हात पुढे केला, पण बोटं वळलेली होती तशीच राहिली. मिटेनात की उघडेनात. चहा हिंदकळून बशीत सांडला.

"थांब," बायको म्हणाली. तिने कप उचलला, त्यावर फुंकर घातली आणि पोरीच्या ओठांशी धरला.