बिनआवाजाचा एसी

"बंद नका करू! अजून पाच मिनिटं चालू राहू दे," मेकॅनिक खिडकीबाहेरून ओरडला.

जुना एसी काढायच्या आधी शेवटचा एकदा चालवावा लागतो, म्हणजे नळ्यांमधला गॅस बाहेरच्या डब्यात गोळा होतो. हा डबा घराच्या मागच्या भिंतीवर होता आणि भिंतीखाली थेट टेकडीचा उतार. मेकॅनिक कमरेला दोर बांधून हातभर रुंदीच्या कठड्यावर उभा होता. डब्याला अकरा वर्षं झाली होती. तो सुरू झाला की पिठाची गिरणी लागल्यासारखी घरघर व्हायची आणि तावदानं थरथरायची.

टेकडीवरची घरं जुनी, एकमेकांच्या उरावर बसलेली. एकाच्या गच्चीला दुसऱ्याची खिडकी. इथे कोणी शिंकलं तर तीन घरांत कळावं. पण या डब्यापुढे तोफसुद्धा ऐकू आली नसती.

मेकॅनिकने सहज काचेतून आत पाहिलं.

घरमालक बायकोला काहीतरी विचारत होता. तिने मान हलवली. त्याने तिच्या थोबाडीत मारली, मग केस धरून डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. तिचं तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. हातभर अंतरावर एक बाई किंचाळत होती आणि मेकॅनिकला फक्त घरघर ऐकू येत होती.

त्याने हातातला पाना काचेवर आपटला. घरमालक वळला, केस सोडले, आणि 'झालं का?' अशी खूण केली.

मेकॅनिकने व्हॉल्व्ह बंद केला. आत जाऊन त्या माणसाला बुकलून काढावं असं त्याला फार वाटलं. पण दोराचं दुसरं टोक आतल्या गजाला बांधलेलं होतं आणि घरमालक त्या गजापाशीच उभा होता. शिवाय नवरा-बायकोच्या भानगडीत तिसऱ्याने पडू नये, हे वाक्य इतरांसारखं त्यालाही पाठ होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. काम मात्र त्याने थांबवलं नाही.

घरमालक अंघोळीला गेला तेव्हा ती पाण्याचा ग्लास घेऊन आली. कपाळावर ओला रुमाल धरलेला होता.

"दादा, नव्या मशीनचा आवाज किती?"

"आवाज नाहीच ताई. चालू आहे की बंद, वाऱ्यात हात धरून बघावं लागतं."

"मग समोरच्या बाईंना इथलं ऐकू जाईल?"

मेकॅनिकने ग्लास खाली ठेवला. "जाईल."

"हे आधी मशीन लावतात, मग हात उचलतात," ती भराभर बोलू लागली. "समोरच्या बाई शाळेत हेडमिस्ट्रेस होत्या. खाली नर्सताई राहतात. शेजारी फौजदार आहेत, रिटायर झालेले. देवमाणसं आहेत हो सगळी. मी आजारी होते तेव्हा बाईंनी आठ दिवस जेवणाचा डबा पाठवला. त्यांना नुसतं ऐकू आलं ना, तर दार फोडून आत येतील. या धुडामुळे अडलंय सगळं."

"तुम्हीच जाऊन सांगा ना मग."

"आणि हे म्हणाले, हिला वेड लागलंय, तर? कानांनी ऐकलेलं कोणी खोटं म्हणत नाही, दादा."

आत नळ बंद झाला, तशी ती स्वयंपाकघरात गेली.

मेकॅनिकने त्या दिवशी जन्मात केलं नसेल असं काम केलं. नव्या डब्याखाली रबराच्या जाड पट्ट्या दुहेरी घातल्या, स्क्रू चारदा आवळले, नळी कुठे भिंतीला घासते का ते बोटाने तपासलं. घरमालक डोकं पुसत आला.

"लावताय ना आता?"

"कधीच लावला."

घरमालक वाऱ्याखाली जाऊन उभा राहिला. "वा! काय गार आहे," तो म्हणाला. तेवढंच त्याला पुरलं. जुना डबा पाठीवर घेऊन मेकॅनिक दीडशे पायऱ्या शीळ घालत उतरला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "दादा, येता का जरा? हे कामावर गेलेत."

तो धापा टाकत पायऱ्या चढला. बिचारी सुटली असेल, या आशेने त्याचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. वर हेडमिस्ट्रेसबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्याला पाहताच झारी उचलून आत गेल्या. फौजदार फाटकापाशी पेपर वाचत बसले होते.

"तो नवा एसी तुम्हीच बसवलात?"

"हो."

"हं," ते म्हणाले, आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

दार तिनेच उघडलं. डावा हात गळ्यात बांधलेला, एक डोळा सुजून मिटलेला, ओठावर चार टाके.

मेकॅनिक उंबऱ्यापाशीच थांबला. "कोणीच आलं नाही?"

"आलं ना. नर्सताई सकाळी आल्या, हे गेल्यावर. टाके त्यांनीच घातले. फार हलका हात आहे त्यांचा."

"काय म्हणाल्या?"

"ओठ भिजवू नका म्हणाल्या."

"ताई, ऐकू गेलं नसेल हो. खिडक्या बंद असतील सगळ्यांच्या."

"उघड्या होत्या. मी ओरडायला लागल्यावर लावून घेतल्या. आधी बाईंनी, मग फौजदारांनी." ती दारातून बाजूला झाली, त्याला आत येऊ दिलं. "ते जुनं मशीन आहे ना अजून तुमच्याकडे? तेच परत बसवा."

"अहो, पण का?"

"ते चालू असलं की मला वाटायचं, कोणाला ऐकूच जात नाही."