सीलबंद खलनायक

घर सोडून गेलेल्या नवऱ्याचा पहिला फोन आला, तोही लेकीची चौकशी करायला नव्हे.

"कपाटावर माझा पालीच्या तोंडाचा, शेपटीवाला व्हिलन आहे ना, तो पारख्याला दाखवून आण. गिऱ्हाईक मिळालंय. आणि खोकं अजिबात उघडू नकोस."

सिनेमातल्या खलनायकाच्या त्या खेळण्याच्या खोक्याला नुसता हात लावला म्हणून त्याने एकदा लेकीच्या गालावर बोटं उमटवली होती. बायको खोकं घेऊन गेली. जुन्या खेळण्यांच्या पारख्याने हातमोजे चढवले आणि भिंगातून कडा न् कडा तपासली.

"कंपनीचं सील शाबूत आहे. फार जिवापाड जपलंय हो."

"आमच्यापेक्षा जास्त," ती म्हणाली. "आणि सील तुटलं तर?"

"मग नुसतं प्लास्टिक. पोरांना खेळायला द्यायचं."

तिने मनापासून आभार मानले.

संध्याकाळी नवऱ्याने घाईघाईने विचारलं, "काय म्हणाला पारखी?"



"ते सांगते नंतर. आधी लेकीला उत्तर दे. ती विचारतेय, पालीसारखी याचीही तुटलेली शेपटी परत उगवते का?"