पहिला तुकडा

सेलूकडच्या रानात उकंड्यानं डुकरासाठी लावलेल्या फाशात त्याचाच शिकारी कुत्रा टिप्या सापडला. तार पायात हाडापर्यंत रुतली होती आणि टिप्याचं केकाटणं काही थांबत नव्हतं.

"भाऊजी, माह्यापाशी पक्कड हाये. तार तोडून टाकू," मेहुणा शालिक म्हणाला.

"अन् लंगडा कुत्रा शिकारीले काय कामाचा?" उकंड्यानं नाल्यातला दगड ओला केला आणि सुरी घासायला बसला. "धार चांगली असली तं त्याले समजणार बी नाई."

आजवर दर शिकारीत सुरी अशी घासून झाली, की मांसाचा पहिला तुकडा टिप्यालाच मिळायचा. दगडावरचा तो आवाज कानावर पडला, तसा टिप्या केकाटायचा थांबला आणि शेपूट हलवू लागला.