दोन गाद्या

वरच्या वर्गातल्या मुलाने तिच्यावर जबरदस्ती केली, त्याला आठवडा झाला होता. कॉलेजच्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या, "पोलिसांत जा, आपल्या कॉलेजच्या तक्रार समितीकडे जा, नाहीतर आत्ता काहीच करू नकोस. ठरवायचं तूच. मी सोबत आहे." तिने फक्त हॉस्टेलमधली खोली बदलून मागितली, कारण जुन्या खोलीच्या खिडकीतून त्या मुलाचं हॉस्टेल दिसायचं. दुपारीच नवी खोली मिळाली. जुन्या खोलीतली मैत्रीण तिची गादी डोक्यावर घेऊन आली, परत गेली आणि आणखी एक घेऊन आली. "ही कुणाची?" "माझी. तुझ्या घोरण्याशिवाय मला झोप लागत नाही." हे ऐकून ती खळखळून हसली आणि गादीवर पडताच गाढ झोपली. उठली तेव्हा अंग हलकं झालं होतं. "मॅडम असतील अजून? मला पोलिसांत जायचंय." मैत्रिणीने चपला घातल्या. "चल. पण आधी तोंड धू, गालावर उशी उमटलीय."