नवा फ्लॅट नंबर

“बेचाळीस घरांची नावं लिहून ठेवायला तासभर कसली चर्चा चाललीय? सोसायटीच्या वहीनं कधी एवढे प्रश्न विचारले नव्हते,” कुंदा डाळ निवडता निवडता पुटपुटली.

मुलुंडची ती भाड्याची खोली एवढीशी, की पुटपुटलेलंही सगळ्यांच्या वाट्याला यायचं. तिच्या नवऱ्यानं, विद्याधरांनी, ऐकून सोडून दिलं. नवी बांधायची म्हणून जुनी बिल्डिंग पाडून सहा वर्षं झाली तरी ते अजून सोसायटीचे सेक्रेटरी होते, आणि आज लेकीकडून सोसायटीची वेबसाइट करून घेत होते. बिऱ्हाडं पार विरार-बदलापूरपर्यंत पांगलेली. मागच्या महिन्यात अठरा नंबरच्या शेवंतीकाकू गेल्या, ते यांना तेराव्यानंतर कळलं. तेव्हापासून त्यांनी हे डोक्यात घेतलं होतं.

“बाबा, माहिती साठवायला हलकाच डेटाबेस घेऊ,” ऋता म्हणाली. “सगळं एका फाईलमध्ये मावतं. वेगळा सर्व्हर नको, त्याची देखभाल नको.”

“एका फाईलीत? अगं, दोन विंग होणारेत. पार्किंग आहे, जिम आहे. चांगला मोठा घे, भक्कम.”

“वाढलं तर बदलू ना मोठा.” ‘तर’ म्हणून गेल्यावर ऋतानं आईकडे पाहिलं. आईनं डाळीत पाहिलं.

रकाने विद्याधरांनी सांगितले. नाव, जुना खोली नंबर, हल्लीचा पत्ता, फोन. आणि नवा फ्लॅट नंबर. “हा शेवटचा सक्तीचा कर. भरल्याशिवाय पुढे जाताच येता कामा नये. आपली माणसं आळशी आहेत, माहितीये ना.”

ऋतानं तसं केलं.

पहिलं नाव भरायला ते स्वतः बसले. शेवंतीकाकूंचे यजमान, चंद्रप्रकाश. खोली अठरा. हल्ली बदलापूर. एका बोटानं, अक्षर शोधून शोधून. मग बटण दाबलं. खाली लाल ओळ आली : नवा फ्लॅट नंबर भरा.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

“बिघडलं गं हे.”

“बिघडलं नाही, बाबा. तुम्हीच म्हणालात, सक्तीचा.”

“हां. मग भरू की. बिल्डरचं पत्र आलं की नंबर कळतीलच.” बोट बटणावरच होतं. “तोवर राहू दे असंच. घाई काय आहे?”

“असं एकाचंही नाव आत जाणार नाही. तेवढा रकाना रिकामा चालेल असं करू?”

“रिकामा नको.”

कुंदानं डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला. सकाळीच ती भाजीच्या निमित्तानं जुन्या बिल्डिंगच्या प्लॉटवरून आली होती. पायाच्या खड्ड्यात पाणी साचून त्यात पुरुषभर लव्हाळं माजलं होतं. कुंपणाच्या पत्र्यावरचं ‘लवकरच ताबा’ उन्हानं पुसट झालेलं. ती जाते, तसे हेही फिरायला म्हणून तिकडेच जातात, हे तिला ठाऊक होतं. घरी आल्यावर मात्र दोघं भाजीच्या भावाबद्दल बोलत.

तिनं ताट खाली ठेवलं.

“ऋता, तो रकाना काढून टाक.”

ऋतानं बाबांकडे पाहिलं. विद्याधर लाल ओळीकडेच बघत होते.

“काढ गं. उरलीत ती माणसं तरी लिहून होऊ देत.” मग ती नवऱ्याकडे वळली. “अहो, बिल्डिंग होत नाही आता.”