सात घरचा चीक

कॅल्शियमची बाटली डोक्याच्या वर धरून सुशिलाबाई गोठ्यात उभी होती. हात भरून आले होते, पण खाली घ्यायची सोय नव्हती. पायाशी तिची जर्सी गाय मान पोटाकडे वळवून पडली होती. काल दुपारी व्याली आणि आज सकाळी उठलीच नाही.

गुरांचे डॉक्टर घनश्याम एका हाताने नळी आवळत आणि दुसरा हात गायीच्या छातीवर ठेवून बसले होते. औषध मानेच्या शिरेत हळूहळू उतरत होतं. घाई केली तर काळीज बंद पडेल, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

"पाय तं धड हायेत, साहेब. मंग उठून काऊन नाही राहिली?" सुशिलाबाईच्या नवऱ्याने, रामलालने विचारलं.

"नस सांगते, ऊठ. पण कॅल्शियमशिवाय तो निरोप मांसाला पोचत नाही, मांस आवळत नाही. एका दिवसात हिचं कॅल्शियम गेलं कुठं? चीक किती काढला होता?"

सुशिलाबाईने बाटली आणखी वर धरली. "जरासाच," ती म्हणाली.

"माहीच चूक हाय," रामलाल हळूच बोलला. "काल मी तिले ओल्या जागी बांधलं."

हे मात्र तिला ऐकवेना. तीस वर्षं तिने लोकांच्या घरचा चीक खाल्ला होता. पहिल्यांदा आपल्या गोठ्यात गाय व्याली, तर बाईने कास पार निपटून काढली. गोरेगावच्या विहिणीला एसटीने डबा धाडला. मिरवायची हौस, दुसरं काय! आणि आता पाप नवऱ्याच्या माथी मारून ही गप्प उभी.

"सात घरी देल्ला, साहेब. कासेत थेंब नाही ठेवला. यायची चूक नाही, माही हाय."

"अन् मले चमचाभरबी नाही?" रामलाल एवढंच म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. तिला रडू फुटलं.

बाटली संपली. बऱ्याच वेळाने गायीचे कान हलले, अंगावर थरथर उठली, तिने शेण टाकलं. मग मागचे पाय रोवून, धडपडत, ती उभी राहिली.

"दोन-तीन दिवस कास पूर्ण पिळू नका," डॉक्टर सुई काढत म्हणाले.

गायीने मान फिरवली. सुशिलाबाई दिसताच हंबरली आणि तिला पान्हा फुटला. सडांतून दूध मातीत टपकू लागलं.

सुशिलाबाईने दोन्ही हात पाठीमागे घेतले.