वहीतली माय

पालकसभेला शेलूबाजारहून आलेल्या चतुराबाईंनी मुलाची, हरीओमची, इंग्रजीची वही माझ्यापुढे धरली. "सर, पोट्ट्यानं मायवर निबंध लिवला म्हनते. मराठीत सांगा ना मले."

प्रस्तावना, तीन परिच्छेद, समारोप, सगळं मी शिकवलं तसंच होतं. मजकूर मात्र गाइडमधला. वर्गातल्या बेचाळीस वह्यांत तोच. तरी मी सांगत गेलो, "आई माझी जवळची मैत्रीण आहे. दिवसभरात घडलेलं सगळं मी तिला सांगतो."

त्या हसल्या. "हे गाइडातलं असन, सर. होस्टेलातून सुट्टीत घरी येते, तं हो-नाहीच्या म्होरं बोलत नाही तो."

मी खजील होऊन वही मिटायला लागलो. त्यांनी पानावर हात ठेवला.

"ते सगळं सांगतो म्हनते ना, तेवढं आखीन एकदा वाचा."